मायने जळगावात काय काय खाल्लं

जळगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय भाऊ,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. सुनितावहिनीच्या फोनवर मी असले की तू टीव्हीचा आवाज वाढवतोस, तेही मला इकडे ऐकू येतं. पण पोस्टमनला काही ब्लॉक करता येत नाही. तो धुळ्यात देवपूरला येणार, तुझ्या हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर पाकीट टाकणार आणि निघून जाणार. म्हणून हे पत्र. पत्रास कारण काय ते तुला ठाऊक आहे.

मायच्या तेराव्याला बन्सीमामांनी भर पंगतीत सांगितलं, की त्यांनी मायला जळगावात रस्त्यावर, गाडीपाशी उभं राहून भजी खाताना पाहिलं होतं. तुझ्या हातात वरणाची बादली होती. तू ती खाली आपटलीस आणि सगळ्यांदेखत मला म्हणालास, "तू मायला रस्त्यावरचं खाऊ घालून मारलंस." मी गप्प बसले. मला उलट बोलता येत नाही असं कुणी म्हणणार नाही, तू तर नाहीच नाही. पण वरण सांडलं होतं, वहिनी खाली बसून ते पुसत होती आणि मीही तिच्याशेजारी बसून पुसायला लागले.

आता आखाजी येतेय, अक्षय्य तृतीया. माय गेल्यानंतरची पहिली. माझं लग्न झाल्यापासून दर आखाजीला तू मुराळी होऊन मला न्यायला आलास, भर वैशाखात, डोक्याला ओला रुमाल बांधून, कुरकुर करत. यंदा तू आला नाहीस तर मी आपणहून येणार नाही. आणि मला भीती वेगळीच वाटते. एक वर्ष तू आला नाहीस की पुढच्या वर्षी कुणालाच काही चुकल्यासारखं वाटणार नाही. माहेर असंच तुटत असेल.

म्हणून मायने जळगावात काय काय खाल्लं ते मी तुला सगळं सांगणार आहे. आधीच सांगते, मला त्याचा पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा खाऊ घालेन.

माय उपचारासाठी माझ्याकडे राहायला आली आणि ते कॅन्सरचं औषध सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांची भूक जाईल, तोंड येईल, वासाने उलटी होईल. जे खावंसं वाटेल ते द्या, ताजं असलं म्हणजे झालं. मला वाटलं, सोपं आहे. आपली माय भाकरीच्या तुकड्यावर खूश होणारी. पण घरी मी फोडणीत मोहरी टाकली की ती पलंगावर तोंडाला पदर लावायची. आमच्या स्वयंपाकघरात आणि झोपायच्या खोलीत एक पडदा आहे फक्त, तू पाहिलंयस. भात शिजला तरी वास, कुकरचं झाकण उघडलं तरी वास. मी गच्चीवर स्टोव्ह नेऊन करून पाहिलं. ताट खाली आणेपर्यंत ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. शिवायला आलेली ब्लाउजं तशीच पडून होती आणि मी दिवसभर नवीन काहीतरी करायचे आणि फेकायचे.

तुझा डबा रोज सकाळच्या एसटीने यायचा, ते मी विसरलेले नाही. त्याबद्दल आज लिहीत नाही.

एकदा दवाखान्यातून रिक्षाने येताना नेरी नाक्याजवळ गर्दीत अडकलो. कडेलाच मगनची मूगभज्यांची गाडी, कढई उकळतेय. मी घाबरून मायकडे पाहिलं, आता हिला मळमळणार. तर माय मान बाहेर काढून म्हणाली, "तठे काय करी राहिना तो?"

रिक्षा थांबवली. तिने उभ्यानेच कागदावरचं एक भजं फुंकून फुंकून खाल्लं. मग दुसरं. मग तळलेल्या मिरचीकडे हात गेला, ती मी काढून घेतली. "आठे वास नई येत व," ती म्हणाली, "वारा शे ना." मी तिथेच रडायला लागले. मगनला वाटलं भजी तिखट झाली, त्याने मला पाण्याचा ग्लास दिला.

उघड्यावर, वाऱ्यात, दुसऱ्या कुणीतरी केलेलं, डोळ्यांसमोर कढईतून निघालेलं. तेवढंच तिच्या पोटात टिकायचं. तू ज्याला रस्त्यावरचं म्हणतोस, ते रस्त्यावर होतं म्हणूनच तिला खाता येत होतं, भाऊ.

आज इतकंच. फाडलंस तरी चालेल, मी पुन्हा लिहीन.

तुझी
सोनल

•

जळगाव,
३ मार्च २०२५

प्रिय भाऊ,

वहिनीचा फोन आला होता, चोरून. म्हणाली, तू पत्र दुकानातच वाचलंस, घडी घालून गल्ल्यात ठेवलंस आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खिळ्यांऐवजी स्क्रू दिलेस. म्हणजे फाडलं नाहीस. मी या आनंदात एका बाईच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

तर पुढे ऐक. मगनच्या भज्यांनंतर मला एक वेडच लागलं. मायला घेऊन मी जळगाव पालथं घातलं. तिच्या लेखी जळगाव म्हणजे केवढं मोठं शहर! दोंडाईचाच्या बाजारापलीकडे ती कधी एकटी गेली नव्हती. औषधाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती पडून असायची, पण एकदा डोकं वर काढलं की मला विचारायची, "आज कोठे जावानं?" आणि स्वतःच चपला शोधायची.

स्वस्त आणि चवदार कुठे मिळतं हे हुडकायची तिची स्वतःची पद्धत होती. पाटीकडे ती बघायचीच नाही. जिथे हमाल आणि रिक्षावाले उभे आहेत तिथे थांबायचं. मग गाडीवाल्याचं फडकं बघायचं. फडकं काळं असेल तर पुढे चला. फडकं स्वच्छ असेल तर ती सरळ विचारायची, "भाऊ, तू तुना पोरेसले हाईच खावाडस का?" आपल्या पोरांना हेच खाऊ घालतोस का. जो हसून हो म्हणेल त्याचं खायचं, जो गोंधळेल त्याला रामराम. फुले मार्केटजवळचा एक कचोरीवाला असा गोंधळला की त्याने आपल्याला पोरंच नाहीत असं सांगितलं. माय म्हणाली, "व्हतीन तधळ खासू." होतील तेव्हा खाईन!

तोंड आलं होतं तेव्हा रमजानचाचांची कुल्फी. सुभाष चौकाच्या मागच्या गल्लीत त्यांची ढकलगाडी असते. भर थंडीत कुल्फी मागणारं दुसरं गिऱ्हाईक त्यांना नव्हतं. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "आपा, सर्दी में कुल्फी?" मायला हिंदी कळायचं पण बोलता यायचं नाही. तिने तोंड उघडून आतले फोड दाखवले. दुसऱ्या दिवशी गाडीपाशी एक खुर्ची होती, घरून आणलेली. त्यांच्या बायकोकडून, हसीनाबींकडून, कधी कधी साखर कमी घातलेली वेगळी कुल्फीही यायची, फक्त मायसाठी. तिला सांगितलं असतं तर तिने घेतली नसती, म्हणून आम्ही दोघंही गप्प.

भरताच्या दिवसांत तर मज्जाच. तुला माहीत आहे, इथे भरीत सेंटरवाल्याकडे आपली वांगी नेऊन दिली तरी भाजून, ठेचून देतात. माय बाजारातून हिरवी वांगी स्वतः निवडायची, देठ दाबून बघायची, आणि भट्टीपाशी जाऊन उभी राहायची. कपाशीच्या काड्यांचा धूर तिच्या अंगावर यायचा तरी तिला काही होत नव्हतं. घरच्या फोडणीने उलटी आणि त्या धुराने नाही, याचं उत्तर डॉक्टरांनाही देता आलं नाही. आणि शेवभाजीचं पार्सल! रस्सा एका पिशवीत, शेव वेगळ्या पुडीत. लोक पार्सल घरी नेतात. आम्ही घरातून डब्यात भाकरी घेऊन निघायचो, रस्त्यात पार्सल घ्यायचो आणि मेहरूण तलावाच्या काठावर जाऊन बसायचो. भाकरीचा छोटा तुकडा, वर दोन चमचे रस्सा. एवढंच जायचं. पण ती ते खायची, भाऊ. चवीने खायची.

तिथेच एकदा ती म्हणाली, "मनं आखं आयुष्य चुल्हापुढे गयं. आते लोके माले करी घालतस. मी राणी शे का व?"

मी म्हटलं, "शे." आणि तिने रस्सा माझ्या भाकरीवरही ओतला.

आजारी बाईला घेऊन गावभर हिंडतेस, असं मला शेजारच्या बायकाही म्हणाल्या. म्हणू देत. तुला मायचा शेवटचा चेहरा आठवतो तो दवाखान्यातला. माझ्याकडे तलावाकाठचा आहे. तो मला तुला द्यायचाय, एवढ्यासाठीच हे सगळं लिहितेय.

तुझी
सोनल

•

जळगाव,
२६ मार्च २०२५

प्रिय भाऊ,

तुझं कार्ड मिळालं. ना 'प्रिय', ना खाली सही. एकच ओळ: "डबा कोण खात होतं?"

मला माहीत होतं तू हेच विचारणार. तुला राग भज्यांचा नाही. राग या डब्याचा आहे. डबा रोज धुऊन, रिकामा परत येत होता आणि तू धुळ्याला लोकांना सांगत होतास की माय आता चांगली जेवायला लागली. मग तेराव्याला कळलं की ती तर गाडीवरचं खात होती. तुला फसवलं गेलं असं वाटलं. तुझ्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

ऐक, खरं काय झालं ते. सुरुवातीला मायने झाकण उघडलं, आणि ती मोरीकडे पळाली. दुसऱ्या दिवशी तेच. तुझी खिचडी वाईट नव्हती, डब्यात कोंडलेली वाफ तिला सोसवत नव्हती. मी म्हटलं, भाऊला सांगते, पाठवू नको म्हणून. तिने माझा हात धरला. म्हणाली, "त्याले सांगू नको. तो मनासाठे पहाटे उठस. आते तेच एक त्याना हातमा शे."

आणि हो, आम्हाला कळलं होतं. तू फोनवर "सुनिताने केलंय" म्हणायचास. वहिनीच्या खिचडीत लसूण ठेचलेला असतो, या डब्यात अख्ख्या पाकळ्या होत्या, काही जळलेल्या, काही कच्च्या. माय पहिल्याच दिवशी म्हणाली, "हाई जगदीशनी करेल शे." जन्मात चहा न केलेला तू. ती तो डबा मांडीवर घेऊन बसायची, झाकण लावलेलाच. मी तिला तसं कितीदा पाहिलं ते कुठल्या तोंडाने सांगू?

आधी मीच खात होते. मग माय दवाखान्याच्या दिवशी डबा बरोबर घ्यायला लागली. तिथे व्हरांड्यात सुगंधाबाई म्हणून एक बाई असायची, अडावदच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याची. तिचा नवरा भुरा कपाशीच्या ट्रकवरून पडला होता, पायात सळई घातलेली. गावाकडून येणारं कुणी नाही, ती बिचारी शेंगदाणे आणि पाण्यावर दिवस काढायची. मायने तिला डबा दिला. दवाखाना नसेल त्या दिवशी मला सायकलवरून पाठवायची. तिच्यापासून जरा लांब, वारा येईल असं बसून माय तिला जेवताना बघायची आणि सांगायची, "मना पोर्‍याना हातनं शे. तो दुकानदार शे, पण मनासाठे करस." सुगंधाबाई मान डोलवायची आणि भराभर खायची. मग विचारायची, "तुना पोर्‍या मिरची काब्र नई टाकस?" मिरची का नाही टाकत म्हणे! यावर दोघी अशा हसायच्या की नर्स रागवायची.

तुझा डबा कधी वाया गेला नाही. तो मायच्या पोटात गेला नाही, पण त्याच्याबद्दल बोलताना तिचा चेहरा जसा व्हायचा, तसा कुल्फी खातानाही झाला नाही. आता तूच ठरव कोणी कोणाला फसवलं.

तू पुन्हा कार्ड लिहिलंस तर सही कर. मला तुझी सही आवडते, वेडीवाकडी.

तुझी
सोनल

•

जळगाव,
१६ एप्रिल २०२५

प्रिय भाऊ,

आज मगनच्या गाडीपाशी सुगंधाबाई भेटली. मी शपथेवर सांगते, मी तिला शोधायला गेले नव्हते. भुराचा पाय दाखवायला ती आली होती. तिने मला लांबून ओळखलं, धावत आली, आणि माझ्या मागे कुणी आहे का ते बघायला लागली.

"माय कोठे शे?"

मी म्हटलं, "गेली. संक्रांतीच्या आधी."

ती तिथेच फूटपाथवर बसली आणि त्यांच्या बोलीत मोठमोठ्याने रडायला लागली. येणारे-जाणारे थांबले. मगनने गॅस बंद केला आणि गाडी सोडून आमच्याजवळ येऊन उभा राहिला. रडणं थांबल्यावर तिने मला जे विचारलं ते मी जसंच्या तसं लिहिते. "तिना वाटाना घास मी खादा. म्हणीसन ती गयी का?"

भाऊ, बघ काय झालंय. तू म्हणतोस मी मायला मारलं. ही बाई म्हणते तिने मारलं, मायच्या वाटचा घास खाल्ला म्हणून. आणि वहिनी सांगते, तू रात्री उठून विचारतोस की माझ्याच खिचडीत काही चुकत होतं का. माय असती तर तिने तिघांच्याही पाठीत रट्टे घातले असते.

मी तिला समजावलं, ते आजाराने झालं, कुणाच्या खाण्याने नाही. तिला ते पटलं असं मला वाटत नाही. जाताना तिने पदराच्या टोकातून चारोळ्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "तुना भाऊले दे. त्याले सांग, पोट भरनं व्हतं मनं."

आता माझी मागणी. आखाजीला मायच्या नावाने घागर भराल, निखाऱ्यावर घासाची आगारी टाकाल, आणि पितर म्हणून एक बाई जेवायला बसवाल. वहिनी म्हणते बन्सीमामांनी दोंडाईचाच्या त्यांच्या चुलतबहिणीचं नाव ठरवून टाकलंय. त्या बाईने मायला आयुष्यात कधी पाण्याचा तांब्यासुद्धा दिला नाही. मायच्या पाटावर सुगंधाबाईला बसव, भाऊ. जिने तिच्या वाटचं खाल्लं तिनेच तिच्या नावाने जेवावं. भावकी बोलेल. मामा तर बोलतीलच, त्यांना तेवढंच काम आहे. डोंगरातली बाई आपल्या घरात पाटावर कशी, म्हणतील. तू घरचा मोठा आहेस, तुझं ऐकतील.

मला न्यायला ये असं मी आता म्हणत नाही. यायला मला किती आवडेल ते तुला माहीत आहे, पण एकीलाच आणता येणार असेल तर तिला आण. मी इथे घरी पुरणाच्या पोळ्या करीन आणि तुझ्या नावाने बोटं मोडीन. इतकं तरी मला करू दे.

चारोळ्या पाकिटात मावल्या नाहीत. ठेवल्यात.

तुझी
सोनल

•

जळगाव,
२४ एप्रिल २०२५

भाऊ रे,

तुझं कार्ड! "मंगळवारी सकाळी न्यायला येतो. तयार राहा. त्या बाईंचं गाव कोणतं ते कळव." आणि सही. मी ते तुझ्या मेहुण्यांना तीनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, पाठ झालंय आता.

गाव असं सापडेल. चोपड्याकडे जाताना अडावद लागतं. तिथून डोंगराकडे जाणारा रस्ता घे, डांबर संपलं की पहिली वस्ती. सुगंधाबाईचं नाव विचारलंस तर ओळखतील, 'पाय मोडलेल्या भुराचं घर' विचारलंस तर लवकर ओळखतील. गाडी घेऊन जा, एसटीचा काही भरवसा नाही. पण तू जाऊन एकदम "चला" म्हणू नकोस, घाबरेल ती. आधी बस, पाणी पी, मी कुंदाबाईचा जगदीश असं सांग. बाकी तिचं ती बोलेल.

आधी तिला घे, मग मला. मला उन्हाचं थांबायला लागलं तरी चालेल. ओला रुमाल विसरू नकोस.

सोनी

•

जळगाव,
४ मे २०२५

प्रिय भाऊ,

तुझे फोन आता सुरू झालेत, मग पत्र कशाला, असं वहिनी म्हणेल. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत. रडू येतं, आणि तू लगेच "बरं बरं" म्हणून ठेवून देतोस. शिवाय तुला एक सांगायचं राहिलंय. तू तेव्हा तिथे नव्हतास.

तुझ्यापुरतं तुला आठवतंच. सुगंधाबाईला पाटावर बसवलं. वहिनीने तिचे पाय धुतले तेव्हा ती इतकी अवघडली की पाय आत ओढून घेत होती. मामा रागावून ओट्यावर जाऊन बसले होते, "कुंदाना पाटवर कोनले बी बसाडतस" असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणत. भावकीतली निम्मी माणसं आत आणि निम्मी दारात. आगारीचा धूर घरभर. तू गुडघे टेकून तिच्या पानावर खापरावरची पोळी ठेवलीस, रस वाढलास, कुरडई ठेवलीस, आणि हात जोडून म्हणालास, "माय, जेव." तुझा आवाज मला ओळखू आला नाही.

आणि तिने पहिला घास केला, आणि तुझ्या तोंडापुढे धरला.

तिला आपली रीत माहीत नव्हती. पितराने जेवायचं असतं, भरवायचं नसतं. तिला एवढंच सांगितलं होतं की आज तू माय आहेस. समोर पोरगा उपाशी, डोळे भरलेले. माय म्हटल्यावर तिने काय करायचं? मागून कुणीतरी "अरे अरे" म्हणालं. तू तोंड उघडलंस. घास घेतलास आणि उठून मागच्या अंगणात गेलास, तो बराच वेळ आलाच नाहीस. नळाचा आवाज येत होता. आम्ही कुणी तुझ्या मागे आलो नाही.

त्यानंतरचं तुला ठाऊक नाही.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुगंधाबाईच्या लक्षात आलं की आपलं काहीतरी चुकलं. तिने हात पानावरून मागे घेतला आणि पाटावरून उठायला लागली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मनं काय चुकनं?" वहिनी तिचा खांदा धरून बसवत होती पण ती बसेना. पितर न जेवता उठलं तर गेलेलं माणूस उपाशीच राहतं, हे आपल्या घरात लहान पोरालाही माहीत आहे. सगळ्यांचे चेहरे उतरले.

तेवढ्यात ओट्यावरून बन्सीमामा आत आले. मला वाटलं आता हे बोलणार, आणि आज मी यांना सोडणार नाही. मी पदरसुद्धा खोचला. मामा सगळ्यांना बाजूला सारून थेट पानापाशी आले. त्यांचे गुडघे दुखतात, तरी खाली बसले, तिच्या अगदी समोर. तांब्या उचलला, तिच्या हातावर पुन्हा पाणी घातलं. लहान बहिणीला म्हणतात तसं म्हणाले, "काहीच नई चुकनं. बस, कुंदा. जेव. भूक लागनी व्हई तुले."

त्यांनी तिला कुंदा म्हटलं, भाऊ. मामांनी.

ती बसली. एकदा सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून जेवायला लागली. मामा समोरून हलले नाहीत. रस संपला की मला खूण करायचे, पोळी संपली की वहिनीला. ती नको म्हणाली की "घे व, घे" म्हणायचे आणि स्वतः वाढायचे. दुसरी पोळी खाल्ली, तिसरी अर्धी मागून घेतली, कुरडया खाल्ल्या, भजी खाल्ली. दारातली माणसं कधी आत येऊन बसली ते कळलंही नाही. सगळे नुसते तिला बघत होते. मी वाढत होते आणि रडत होते, आणि मला ते पुसावंसंही वाटत नव्हतं.

तू आत आलास तेव्हा ती हात धूत होती, म्हणून तुला दिसलं नाही. म्हणून सांगते.

माय पोटभर जेवली.

तुझी
सोनल